जेम्स नेस्मिथ

जेम्स नेस्मिथ (जन्म : अल्मॉन्टजवळ, ऑन्टारियो, कॅनडा, ६ नोव्हेंबर १८६१, मृत्यू : लॉरेन्स, कॅन्सस, अमेरिका, २८ नोव्हेंबर १९३९) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि बास्केटबॉल या खेळाचे जनक होते. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे त्यांनी तेरा नियम लिहून हा खेळ सिद्ध केला. बहुतेक खेळ लोकांच्या हातून शतकानुशतके घडत आले आणि त्यांचे नियम मागाहून लिहिले गेले. बास्केटबॉलच्या बाबतीत नियम आधी लिहिले गेले व खेळ नंतर खेळला गेला. त्यामुळे नेस्मिथ यांचे चरित्र आणि या खेळाचे नियम यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आजही प्रेक्षकांमध्ये ज्या नियमांविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात, त्यांतील अनेकांचे मूळ या तेरा कलमांत सापडते.

काही जुन्या पुस्तकांत त्यांचे नाव जेम्स ए. नेस्मिथ असे छापलेले आढळते. परंतु त्यांना मधले नाव नव्हते.

बालपण

नेस्मिथ यांचे आईवडील जॉन नेस्मिथ आणि मार्गारेट यंग हे स्कॉटिश वंशाचे होते. १८७० साली विषमज्वराच्या साथीत काही आठवड्यांच्या अंतराने दोघांचाही मृत्यू झाला. त्या वेळी जेम्स अवघ्या नऊ वर्षांचे होते. बहीण व धाकटा भाऊ यांच्यासह त्यांचा सांभाळ प्रथम आजीने आणि पुढे अविवाहित मामा पीटर यंग यांनी केला. मामांच्या शेतावरील कष्टाची कामे करीत ते वाढले. बेनीज कॉर्नर्स या वस्तीतील एकखोली शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले.

या वस्तीतील मुले ‘डक ऑन अ रॉक’ नावाचा खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा, एका मुलाने त्याची राखण करायची आणि इतरांनी ठरावीक अंतरावरून आपापले दगड फेकून तो पाडायचा, असे त्याचे स्वरूप होते. नेम धरून फेकण्यापुरता तो आपल्याकडील लगोरीशी मिळताजुळता म्हणता येईल. दगड जोरात सरळ फेकला आणि नेम चुकला तर तो लांब जाऊन पडे व परत आणेपर्यंत राखणदार गाठत असे. उलट, दगड उंच कमानीत अलगद टाकला तर नेमही साधे आणि माघारी येण्यास अवधीही मिळे. ताकदीपेक्षा अचूकतेला महत्त्व देणाऱ्या या फेकीची आठवण वीस वर्षांनी त्यांच्या उपयोगी पडली.

शिक्षण

नेस्मिथ यांनी माध्यमिक शाळा मध्येच सोडली आणि काही वर्षे लाकूडतोडीच्या छावण्यांत मजुरी केली. पुढे वयाने मोठे झालेले असतानाही ते पुन्हा शाळेत दाखल झाले आणि १८८३ साली मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात त्यांनी प्रवेश मिळवला. १८८७ साली ते बी.ए. झाले. त्यानंतर मॉन्ट्रियलच्याच प्रेस्बिटेरियन महाविद्यालयात त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला व १८९०मध्ये तो पूर्ण केला. या काळात ते फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस आणि जिम्नॅस्टिक्स या खेळांत चमकले. विद्यापीठात व्यायामशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले.

धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणाने मैदानी खेळांत रमावे, हे त्यांच्या काही सहाध्यायांना रुचत नव्हते. एका सामन्यात एका सहखेळाडूचा राग अनावर होऊन त्याच्या तोंडून अपशब्द गेले. शेजारी नेस्मिथ आहेत हे लक्षात येताच त्याने त्यांची क्षमा मागितली. तरुणांच्या मनावर संस्कार करण्याचे काम प्रवचनाइतकेच मैदानावरूनही करता येईल, असा विचार त्यांच्या मनात या प्रसंगातून रुजला. व्यासपीठाऐवजी व्यायामशाळा निवडण्याचा त्यांचा निर्णय त्यातूनच झाला.

स्प्रिंगफिल्ड येथील आव्हान

१८९० साली नेस्मिथ मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन अर्थात वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात आले. तेथील फुटबॉल संघात खेळताना कानांना इजा होऊ नये म्हणून त्यांनी डोक्याला बांधण्याचे एक संरक्षक आवरण तयार केले. फुटबॉलमधील शिरस्त्राणाच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

१८९१च्या हिवाळ्यात विद्यालयापुढे एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ असल्यामुळे मैदानी खेळ बंद होते आणि व्यायामशाळेतील कवायतीला विद्यार्थी कंटाळले होते. अठरा जणांचा एक वर्ग तर इतका बेशिस्त झाला होता की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली.

आरंभी नेस्मिथ यांनी फुटबॉल, सॉकर आणि लॅक्रॉस हे परिचित खेळच थोडे सौम्य करून पाहिले. पण लहान जागेत ते धोक्याचे ठरले. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी खेळांची तुलना सोडून त्यांतील घटकांचा विचार सुरू केला. चेंडू मोठा व हलका असेल तर काठी किंवा बॅट लागणार नाही, हा पहिला निष्कर्ष होता. रग्बीत खेळाडूला पाडावे लागते, कारण तो चेंडू घेऊन धावतो. धावण्यासच बंदी केली तर पाडण्याचे कारण उरत नाही, हा दुसरा निष्कर्ष सर्वांत मोलाचा ठरला. लक्ष्य उभे असेल तर चेंडू जोराने मारला जातो. ते डोक्यापेक्षा उंच आणि आडवे ठेवले तर चेंडू कमानीतच टाकावा लागेल, हा तिसरा विचार लहानपणीच्या दगडफेकीच्या खेळातून आला.

तेरा नियम

नेस्मिथ यांनी लिहिलेले नियम टंकलिखित दोन पानांत मावतात. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला फेकता वा टोलवता येईल, मात्र त्याला मुठीने मारता येणार नाही. चेंडू घेऊन धावता येणार नाही. तो जेथे झेलला तेथूनच फेकावा लागेल, परंतु वेगात धावताना झेलणाऱ्याने थांबण्याचा प्रयत्न केल्यास त्याला सवलत मिळेल. चेंडू हातांतच धरावा, अंगाशी कवटाळू नये. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय अडकवून पाडणे किंवा मारणे यांस बंदी राहील. पहिल्या वेळी तो फाउल ठरेल आणि दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर बसेल. इजा करण्याचा हेतू उघड असेल तर तो संपूर्ण सामन्यासाठी बाद होईल व त्याच्या जागी बदली खेळाडू मिळणार नाही. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले तर प्रतिस्पर्ध्यांना एक गोल मिळेल. सीमेबाहेर गेलेला चेंडू आत टाकण्यास पाच सेकंद मिळतील. पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, अशी खेळाची मुदत होती.

दहाव्या आणि अकराव्या कलमांत पंचांच्या कामाची वाटणी आहे. अंपायरने माणसांवर लक्ष ठेवावे व फाउल मोजावेत. रेफरीने चेंडूवर लक्ष ठेवावे, वेळ पाहावी आणि गोल मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. एकाच माणसाला एकाच वेळी चेंडू आणि धक्काबुक्की दोन्ही पाहता येणार नाहीत, हे नेस्मिथ यांनी खेळ सुरू होण्यापूर्वीच ओळखले होते. आजही मुख्य पंच व त्याचे साहाय्यक पंच मैदानाचे भाग वाटून घेतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

पहिला सामना

लक्ष्यासाठी नेस्मिथ यांना सुमारे अठरा इंचांचे दोन चौकोनी खोके हवे होते. विद्यालयाच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे खोके नव्हते. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला त्या ठोकण्यात आल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीची उंची दहा फूट झाली. या उंचीमागे काही शास्त्रीय गणित असावे, असा अनेकांचा समज आहे, पण ती त्या सज्ज्याची उंची होती. आजतागायत ती बदललेली नाही.

अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडून सॉकरच्या चेंडूने पहिला सामना झाला. तो २१ डिसेंबर १८९१ रोजी झाल्याचे सामान्यतः मानले जाते. सामन्यात एकच गोल झाला आणि तो विल्यम चेस याने केला. पुढे १९३९ साली रेडिओवरील मुलाखतीत नेस्मिथ यांनी सांगितले, की अगदी पहिल्या प्रयोगात मुलांनी एकमेकांना पाडण्यास व ठोसे मारण्यास सुरुवात केली होती, काहींना दुखापतीही झाल्या आणि त्यांना खेळ थांबवावा लागला. चेंडू घेऊन धावण्यास मनाई केल्यावरच हाणामारी थांबली. हा तपशील ध्यानात घेतला तर धावण्याविषयीचा नियम त्यांना इतका महत्त्वाचा का वाटे, ते कळते.

१५ जानेवारी १८९२ रोजी विद्यालयाच्या ‘द ट्रँगल’ या पत्रात नियम प्रसिद्ध झाले. फ्रँक महान या विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे सुचवले होते. त्यांनी ते हसण्यावारी नेले. मग टोपली आणि चेंडू यांवरून त्याच विद्यार्थ्याने सुचवलेले बास्केटबॉल हे नाव रूढ झाले.

नियमांची वाटचाल

मूळ नियमांत खेळाडूंची संख्या निश्चित नव्हती. पाच-पाच जणांचे संघ १८९०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाले. तीन फाउलांना एक गोल ही शिक्षा जाऊन फ्री थ्रो आला. सज्ज्यातील प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत, म्हणून टोपलीमागे फळी आली. चेंडू जमिनीवर आपटत नेण्याची तरतूद मूळ नियमांत नव्हती. अडकलेल्या खेळाडूला चेंडू घेऊन धावता येत नसे. तेव्हा चेंडू हातातून सोडून टप्पा घेत पुन्हा मिळवण्याची युक्ती खेळाडूंनीच काढली. त्यातून ड्रिबलिंगचा जन्म झाला. नेस्मिथ यांनी या युक्तीचे कौतुकच केले. मात्र प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी चेंडू उडवण्याची पद्धत १९३७ साली रद्द झाली, तेव्हा त्यांना तो बदल पटला नाही.

नियमांविषयीचे गैरसमज

ट्रॅव्हलिंग अर्थात चेंडू हातात घेऊन नियमबाह्य पावले टाकणे हा तिसऱ्या मूळ कलमाचा आजचा अवतार होय. चेंडू हाती असताना दोनच पावले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात सर्व काही रोवलेल्या पायावर अवलंबून असते. उभ्या खेळाडूने चेंडू झेलल्यास तो एक पाय जमिनीवर रोवून दुसरा पाय कितीही वेळा, कोणत्याही दिशेला टाकू शकतो. पास देण्यासाठी किंवा बास्केटवर फेकण्यासाठी रोवलेला पाय उचलता येतो, मात्र चेंडू हातातून सुटण्यापूर्वी तो पुन्हा टेकता कामा नये. ड्रिबल सुरू करताना याउलट नियम आहे. तेथे पाय उचलण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. धावत असताना चेंडू हाती घेणाऱ्याला दोन पावले मिळतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांत २०१७पासून चेंडू ताब्यात घेतेवेळी जमिनीवर असलेला पाय या दोन पावलांत मोजला जात नाही. त्यामुळे प्रेक्षकाला तीन पावले दिसतात आणि पंचाने चूक सोडली असे वाटते. ड्रिबल चालू असताना चेंडू हातात नसतो, म्हणून त्या वेळी पावलांना मर्यादा नसते. चेंडू घेतलेला खेळाडू पडला किंवा घसरला तर तो नियमभंग नाही. तसाच लोळला किंवा उठू लागला तर मात्र तो आहे.

डबल ड्रिबलविषयीही असाच घोळ होतो. टप्पे किती व किती उंच घ्यावेत यावर बंधन नाही. दोन्ही हातांनी एकाच वेळी टप्पा मारणे किंवा चेंडू एकदा धरल्यानंतर पुन्हा टप्पे सुरू करणे हा नियमभंग होय. खऱ्या प्रयत्नाने बास्केटवर टाकलेला चेंडू कशालाही न लागता खाली आला, तर तो टाकणाऱ्या खेळाडूने स्वतः झेलण्यास हरकत नसते.

बास्केटसमोरील आखलेल्या भागात तीन सेकंदांहून अधिक थांबू नये, हा नियम फिबाच्या खेळात ज्या संघाकडे पुढच्या अर्ध्या मैदानात चेंडूचा ताबा आहे, त्याच संघाला लागू होतो. चेंडू बास्केटकडे फेकला गेला की ताबा संपतो व मोजणीही संपते. म्हणून बास्केटखाली परतलेल्या चेंडूसाठी झटापट चालू असताना प्रेक्षकांनी तीन सेकंदांची ओरड केली तरी पंच शिटी वाजवीत नाहीत.

सर्वांत मोठा गैरसमज स्पर्शाविषयी आहे. नेस्मिथ यांनी अंगाशी भिडण्याला मज्जाव केला होता, म्हणून प्रत्येक धक्का म्हणजे फाउल असे मानले जाते. ज्या स्पर्शामुळे कोणाचाही अवैध लाभ किंवा तोटा झाला नाही, तो दंडनीय नसतो. चेंडू असलेल्या खेळाडूच्या वाटेत बचाव करणाऱ्याने पुतळ्यासारखे उभे राहिलेच पाहिजे, हेही खरे नाही. एकदा समोर तोंड करून, दोन्ही पाय टेकून जागा घेतली की ती राखण्यासाठी तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. तसेच उंच खेळाडूने दुसऱ्याच्या पाठीवरून हात लांबवून चेंडू घेतला आणि स्पर्श झाला नाही, तर फाउल होत नाही.

सीमारेषा मैदानाचा भाग नसते. तिच्यावर पाय टेकला की खेळाडू बाहेर गेला. पण चेंडू केवळ हवेत रेषेपलीकडे गेला म्हणून तो बाहेर ठरत नाही.

पंचांच्या खुणा

नेस्मिथ यांच्या नियमांत हातांच्या खुणांचा उल्लेख नव्हता. एका लहान व्यायामशाळेत पंचाचा शब्द सर्वांना ऐकू जात असे. मोठ्या प्रेक्षागारांत आणि वेगवेगळ्या भाषांच्या संघांमध्ये सामने होऊ लागल्यावर खुणांची भाषा आवश्यक झाली. शिटी वाजताच पंचाच्या वर गेलेल्या हाताकडे पाहावे. उघडा पंजा म्हणजे नियमभंग किंवा घड्याळ थांबवण्याची सूचना, तर बंद मूठ म्हणजे फाउल. नियमभंगानंतर चेंडू फक्त प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. फाउल मात्र खेळाडूच्या नावावर नोंदला जातो. फिबाच्या नियमांनुसार पाच फाउल झाल्यावर खेळाडू बाद होतो, तर एन.बी.ए.मध्ये ही मर्यादा सहा आहे.

यानंतर पंच कारण दाखवतो. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवणे म्हणजे ट्रॅव्हलिंग. दोन्ही तळहात आळीपाळीने खाली थोपटल्यासारखे हलवणे म्हणजे डबल ड्रिबल. तळहात अर्धवट वळवून दाखवणे म्हणजे चेंडू खालून हात घालून वाहून नेणे. हात पुढे करून तीन बोटे दाखवणे म्हणजे तीन सेकंदांचा भंग. पाच व आठ सेकंदांसाठी तितकीच बोटे दाखवतात. बोटांनी खांद्याला स्पर्श केला तर चोवीस सेकंदांत बास्केटवर प्रयत्न न केल्याचा भंग होय. पायाकडे बोट दाखवले तर चेंडू मुद्दाम पायाने अडवलेला असतो. दोन्ही अंगठे वर केले तर चेंडूवर दोन्ही संघांची पकड समान आहे.

फाउलच्या खुणांत मनगटावर प्रहार केल्यासारखी कृती हातांच्या अवैध वापरासाठी, दोन्ही हात कमरेवर ठेवणे वाट अडवण्यासाठी, ढकलण्याची नक्कल धक्क्यासाठी आणि उघड्या तळहातावर मूठ मारणे चेंडूसह अंगावर जाण्यासाठी असते. दोन तळहातांचा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार तांत्रिक फाउल दर्शवतो. शेवटी पंच खेळण्याच्या दिशेकडे बोट दाखवतो किंवा किती फ्री थ्रो मिळाले ते बोटांनी सांगतो.

डेन्व्हर आणि कॅन्सस

१८९४ साली नेस्मिथ यांचा विवाह स्प्रिंगफिल्डच्या मॉड शर्मन यांच्याशी झाला. मॉड या तेथील महिलांच्या अगदी आरंभीच्या सामन्यांत खेळल्या होत्या. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. १८९५मध्ये नेस्मिथ डेन्व्हर येथील वाय.एम.सी.ए.त गेले. तेथे नोकरी सांभाळून त्यांनी ग्रॉस वैद्यकीय महाविद्यालयातून १८९८ साली वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षी ते लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे संचालक व शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक होते. १९०७पर्यंत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळाचे जनक हेच या विद्यापीठाचे विजयांपेक्षा पराजय अधिक असलेले एकमेव प्रशिक्षक ठरले, ही गोष्ट वारंवार गमतीने सांगितली जाते. परंतु त्यांना जिंकण्यात फारसा रस नव्हता. त्यांच्या मते हा खेळ शिकवण्याचा नव्हे, खेळण्याचा होता. व्यायाम म्हणून ते कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सला अधिक मोल देत. त्यांचे विद्यार्थी फॉग ॲलन यांनी मात्र प्रशिक्षणाला शास्त्राचे रूप दिले व त्याच विद्यापीठाला मोठा लौकिक मिळवून दिला.

१९३०च्या दशकात जॉन मॅक्लेन्डन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात खेळण्यास मनाई होती. नेस्मिथ यांनी त्याला आपला विद्यार्थी मानून मार्गदर्शन केले. पुढे मॅक्लेन्डन अमेरिकेतील नामवंत प्रशिक्षकांपैकी एक झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात नेस्मिथ यांनी वाय.एम.सी.ए.तर्फे फ्रान्समधील सैनिकांमध्ये काम केले. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. खेळाच्या नावावर त्यांनी कधी पैसा मिळवला नाही. आर्थिक अडचणीमुळे त्यांना राहते घरही गमवावे लागले होते.

बर्लिन ऑलिंपिक

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पदकाच्या खेळांत प्रथमच समावेश झाला. नेस्मिथ यांच्याकडे प्रवासाइतके पैसे नव्हते. अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या वेळी वर्गणी गोळा करून त्यांना पाठवले. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्यातील सामन्याने स्पर्धेची सुरुवात झाली व तो चेंडू उडवण्याचा मान त्यांना मिळाला. सामने टेनिसच्या मातीच्या मैदानांवर उघड्यावर झाले. बंदिस्त जागेसाठी जन्मलेल्या खेळाचा अंतिम सामना भर पावसात, चिखलात खेळला गेला. चेंडूचा टप्पा पडेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. जन्मभूमी आणि कर्मभूमी अशा दोन्ही देशांच्या खेळाडूंना पदके देण्याचा प्रसंग नेस्मिथ यांच्या वाट्याला आला.

अखेरचा काळ

१९३७ साली नेस्मिथ सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी मॉड यांचे निधन झाले. जून १९३९मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स किनकेड यांच्याशी दुसरा विवाह केला. काही महिन्यांनी मेंदूतील रक्तस्रावाने लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. खेळाच्या उगमाविषयी व विकासाविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

भारतातील प्रसार

स्प्रिंगफिल्ड येथे शिकलेले तरुण जगभरच्या वाय.एम.सी.ए. शाखांत गेले आणि त्यांच्याबरोबर हा खेळही गेला. भारतातही तो याच मार्गाने आला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे स्थापन केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण विद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांमुळे तो शाळांपर्यंत पोहोचला. मुंबईत नागपाडा भागाने या खेळाची परंपरा दीर्घकाळ जपली आहे.

सन्मान व स्मारके

स्प्रिंगफिल्ड येथील बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिराला नेस्मिथ यांचे नाव देण्यात आले असून १९५९ साली त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. २००७ साली फिबाच्या कीर्तिमंदिरातही त्यांना स्थान मिळाले. अल्मॉन्ट येथे त्यांचा पुतळा आहे. तेरा नियमांची मूळ टंकलिखित पाने डिसेंबर २०१०मध्ये लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला विकली गेली. ती डेव्हिड बूथ या कॅन्सस विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याने विकत घेतली आणि आता ती त्याच विद्यापीठात जनतेला पाहण्यासाठी ठेवलेली आहेत.